मार खाणारा हिरो



आपल्या अंकात मलिद्याची कृती येते, कोकणातल्या गावांच्या आठवणी येतात, कुणाच्या नातवाची बार मित्सवा, कुणाच्या नातीची मेंदी, सगळं येतं. मारामारीच्या सिनेमांबद्दल मात्र कुणी लिहिलेलं आम्हाला आठवत नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

आम्ही म्हणजे आम्ही चौघी. चौघीही सत्तरी ओलांडलेल्या, चौघीही निवृत्त नर्स. शाळा सगळ्यांची तिकडेच झाली, कुणाची मुंबईला, कुणाची पनवेलला, कुणाची अलिबागला. नोकरी मात्र इथं इस्रायलात केली. शनिवारी शब्बाथ निघाला की एकीच्या घरी जमायचं, चहा-चिवडा घ्यायचा आणि हाँगकाँगचा एखादा जुना कुंग-फूचा सिनेमा लावायचा, असा आमचा कित्येक वर्षांचा रिवाज आहे. सुना हसतात. नातवंडं तर विचारतातच, "सबता, तू आयुष्यभर लोकांची हाडं जुळताना बघितलीस, आता ती मोडताना कशाला बघतेस?"

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर द्यायचा हा प्रयत्न.

आधी एक गोष्ट सांगतो. कुंग-फूचे सगळे सिनेमे सारखे नसतात. ब्रूस लीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. तो पडद्यावर आला की समोरचा संपलाच. त्याच्या अंगात वीज होती, यात शंका नाही. पण 20 जुलै 1973 ला तो अवघ्या 32 व्या वर्षी वारला आणि हाँगकाँगच्या सिनेमावाल्यांची पंचाईत झाली. मग त्यांनी गल्लीबोळांतून दुसरा ब्रूस ली शोधायला सुरुवात केली. तसेच केस, तीच आरोळी, तोच रागीट चेहरा. त्यात एका तरुणालाही त्याच साच्यात बसवून पाहिलं. त्यानं आधी ब्रूस लीच्याच सिनेमांत स्टंटमनचं काम केलेलं होतं. साच्यात तो काही बसेना आणि सिनेमेही चालेनात. त्याचं नाव जॅकी चॅन.

1978 साली दिग्दर्शक युएन वू-पिंग यानं त्याला दोन सिनेमांत घेतलं, 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर'. या दोन सिनेमांनी सगळं उलटंपालटं केलं. ब्रूस ली रागानं बघायचा, हा घाबरून बघतो. ब्रूस लीचा ठोसा बसला की समोरचा आडवा. यानं ठोसा मारला की हाच आपला हात झटकतो, बोटांवर फुंकर घालतो, डोळ्यांत पाणी आणतो. आम्ही नर्स लोकांनी हे पाहिलं आणि एकमेकींकडे बघितलं. कारण खरंच तसं होतं ना! जोरात ठोसा मारणाऱ्याच्या करंगळीमागचं तळव्यातलं हाड मोडतं. भांडण करून आलेली कितीतरी पोरं आम्ही इमर्जन्सीत पाहिली. मार खाल्लेल्यापेक्षा मारणाऱ्याचाच हात जास्त सुजलेला. सिनेमातल्या हिरोला दुखतं, हे आम्ही पहिल्यांदा तिथं बघितलं.

हा मुलगा आला कुठून, तेही सांगायला हवं. जॅकीचा जन्म 1954 चा, म्हणजे आमच्याच पिढीचा. आई-बाप गरीब. पोटासाठी ते ऑस्ट्रेलियाला गेले, तिथं अमेरिकन वकिलातीत नोकरीला लागले, आणि पोर हाँगकाँगला एका नाटकशाळेत ठेवलं. तेव्हा तो सात वर्षांचा होता. यू जिम-युएन नावाच्या गुरूंची ती शाळा, पेकिंग ऑपेरा शिकवणारी. पेकिंग ऑपेरा म्हणजे गाणं, अभिनय, कोलांट्या आणि तलवारबाजी सगळं एकत्र. पहाटेपासून रात्रीपर्यंत कसरत, आणि चुकलं की छडी. जॅकीनं 1998 मध्ये आलेल्या आपल्या आत्मचरित्रात हे सगळं लिहिलं आहे. दहा वर्षं तो तिथं होता. त्याच शाळेत त्याच्याहून मोठा सॅमो हुंग आणि त्याच्याहून लहान युएन बियाव. पुढं हे तिघे सिनेमात आले, आणि एकमेकांना भाऊच म्हणत राहिले.

देश सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना यातलं एक वाक्य टोचल्याशिवाय राहत नाही. आई-बाप परदेशात, पोर मागे. आपल्यातही कितीजण आधी एकटे आले, मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून आले. असो.

ही पोरं मोठी होईतो ऑपेराला प्रेक्षक उरले नव्हते. आपल्याकडे तमाशाच्या फडांचे जे हाल झाले तसंच. अंगात इतकी विद्या, आणि रंगमंच नाही. मग सगळे सिनेमात स्टंट करायला गेले. पण ऑपेराचा ताल त्यांच्या अंगात राहिला. तुम्ही नीट बघा, त्यांची मारामारी कधी नुसती धबाधबा नसते. चार फटके, एक थांबा. तीन फटके, एक थांबा. लेझीमच्या ताफ्यासारखं. थांबा आला की तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळतो, आणि हसायलाही. नुसत्या फटक्यांनी माणूस हसत नाही, त्या थांब्यानं हसतो.

आता 'ड्रंकन मास्टर'ची गोष्ट. नायकाचं नाव वाँग फेई-हुंग. हा खरा होऊन गेलेला माणूस आहे, एकोणिसाव्या शतकातल्या कँटनकडचा कुंग-फूचा मोठा गुरू, आणि तितकाच मोठा हाडवैद्य. चीनमध्ये ह्या दोन विद्या बरोबरच चालायच्या. जो मारायला शिकवायचा तोच मोडलेलं बसवायलाही शिकवायचा. आमच्या व्यवसायाच्या दृष्टीनं ही फार शहाणपणाची पद्धत वाटते! चिनी लोकांना हा माणूस म्हणजे आदराचं स्थान. त्याच्यावर कितीतरी गंभीर सिनेमे निघाले होते. 'ड्रंकन मास्टर'वाल्यांनी काय केलं, तर त्याला व्रात्य पोरगा दाखवला. खोड्या करणारा, फुकटात जेवून पळणारा. बाप वैतागून त्याला एका म्हाताऱ्या भिकारी गुरूच्या ताब्यात देतो. गुरू दारुडा, नाक लाल. हे काम दिग्दर्शकाच्या खऱ्या वडिलांनी, युएन स्यू-टिएन यांनी केलं आहे.

गुरू त्याला उलटा टांगतो. खालच्या बादलीतलं पाणी छोट्या पेल्यांनी वरच्या बादलीत भरायला लावतो. पोट आवळून वर जायचं, पाणी ओतायचं, पुन्हा खाली. अक्रोड बोटांनी फोडायला लावतो. बघताना आपलंच पोट दुखतं. मग 'आठ दारुड्या देवतां'चे आठ डाव शिकवतो. त्यातली आठवी देवता बाई आहे, मिस हो. पोरगा म्हणतो, हे बायकी डाव कोण शिकणार? आणि टाळतो. शेवटी खऱ्या शत्रूशी गाठ पडते तेव्हा शिकलेले सातही डाव कामाला येत नाहीत. आठवाच लागतो, आणि तो तर शिकलेलाच नाही. मग तिथंच उभ्या उभ्या तो आपल्या मनानं मिस हो तयार करतो. लचकत, मुरडत, आरशात बघितल्यासारखं करत शत्रूला झोडपून काढतो. इथं आम्ही चौघी दरवेळी टाळ्या वाजवतो. आमच्यातली थोरली म्हणते, "बघा, बायकांचा डाव नाही शिकला की शेवटी नडतं."

आता नर्सच्या नजरेनं एक गोष्ट. सिनेमात माणूस पडतो तेव्हा बहुतेक वेळा दोन तुकडे असतात. एकात तो कठड्यावरून जातो, दुसऱ्यात जमिनीवर असतो. मधलं कुणी बघितलेलं नसतं. जॅकीच्या सिनेमात ते मधलं दाखवतात. 1983 च्या 'प्रोजेक्ट ए'मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्यावर काट्याला लोंबकळतो. ही कल्पना त्यानं हॅरॉल्ड लॉइडच्या 1923 सालच्या मूकपटावरून घेतली. फरक इतकाच की लॉइड लटकला आणि वाचला. जॅकी लटकतो, हात सुटतो आणि दोन कापडी छतं फाडत खाली जमिनीवर येतो. वरपासून खालपर्यंत खरा माणूस, खरं वजन. 1985 च्या 'पोलीस स्टोरी'त तो मॉलमध्ये दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून घसरत खाली येतो आणि काचेतून आरपार जातो. त्यात त्याचे तळहात भाजले. 1986 च्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी युगोस्लाव्हियात भिंतीवरून झाडावर उडी मारताना फांदी तुटली, डोकं दगडावर आपटलं, कवटी फुटली. मेंदूचं ऑपरेशन करावं लागलं आणि एका कानाचं ऐकू येणं कायमचं कमी झालं. 1995 च्या 'रम्बल इन द ब्राँक्स'च्या वेळी घोटा मोडला, तर प्लास्टरवर बुटासारखा रंगवलेला मोजा चढवून यानं काम पुरं केलं!

हे सगळं आम्हाला कसं कळलं? त्यानंच दाखवलं. सिनेमा संपल्यावर नावं वर सरकतात तेव्हा बाजूला फसलेल्या प्रसंगांची चित्रं येतात. पडला, चुकला, रक्त आलं, लोक धावत आले, स्ट्रेचर आलं.

आणि इथं आमच्यात मतभेद आहेत, ते लपवत नाही. आमच्यातली अलिबागवाली ती चित्रं बघत नाही. नावं सुरू झाली की उठून आत जाते, कपबशा विसळते. तिची सगळी नोकरी मणक्याच्या दुखापतींच्या वॉर्डात गेली. बांधकामाच्या परांचीवरून पडलेला विशीतला पोरगा तिनं महिनोन्‌महिने कुशीवर वळवलेला आहे, त्याच्या आईला रोज सामोरी गेली आहे. ती म्हणते, "हा उठला म्हणून तुम्ही हसता. न उठलेले मी बघितलेत. आणि लहानपणी छड्या खाऊन शिकलेली विद्या ही, तिच्यावर हसायला मला जमत नाही." तिच्या बोलण्यावर आमच्याकडे उत्तर नाही. सात वर्षांच्या पोराला मारून शिकवणं चांगलं, असं कुठलीच नर्स म्हणणार नाही.

पण ती एक गोष्ट विसरते, असं आम्हा तिघींना वाटतं. इतर सिनेमे खोटं सांगतात की मारामारीत काही होत नाही. शंभर गोळ्या झाडल्या, हिरोच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडत नाही. पोरं तेच खरं धरून चालतात. हा माणूस शेवटी थांबून सांगतो, बाबांनो, हे दुखतं, हे मोडतं, घरी करू नका. 2016 मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळालं तेव्हाही त्यानं भाषणात मोडलेल्या हाडांची आठवण काढलीच. वॉर्डात पेशंटला आम्ही हेच सांगायचो ना? दुखणार आहे. खोटं सांगणार नाही. पण आता उठा. दोघींच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणून वाद चालूच आहे. पुढच्या शनिवारी ती पुन्हा येतेच, हे महत्त्वाचं.

बायकांबद्दल लिहिलं नाही तर आमच्या सुना रागावतील. या सिनेमांत बाई नुसती ओरडायला नसते. 1981 चा 'माय यंग आँटी' बघा. एका म्हाताऱ्याची इस्टेट लोभी नातेवाइकाच्या हातात जाऊ नये म्हणून एक तरुण मुलगी त्याच्याशी लग्न करते. तो वारल्यावर ती पुतण्याकडे येते. पुतण्या वयानं तिच्याहून कितीतरी मोठा, पण नात्यानं ती काकू, म्हणून त्यानंच तिच्या पाया पडायचं! आपल्या कोकणातल्या मोठ्या कुटुंबांत असली नाती काय कमी होती? काका पाळण्यात आणि पुतण्या शाळेत. कारा हुई या नटीनं ते काम इतकं सुंदर केलं की 1982 मध्ये हाँगकाँगच्या पहिल्याच फिल्म अवॉर्डमध्ये उत्तम अभिनेत्रीचं बक्षीस तिला मिळालं. 1992 च्या 'पोलीस स्टोरी 3'मध्ये मिशेल योह मोटारसायकल घेऊन चालत्या आगगाडीवर उडी मारते. ती मूळची बॅले शिकलेली, पाठीच्या दुखापतीनं बॅले सुटला. तीच मिशेल योह 2023 मध्ये साठीची होऊन ऑस्कर घेऊन गेली. त्या दिवशी आम्ही एकमेकींना फोन केले, जणू आपलीच कुणी आहे!

आणि 1994 च्या 'ड्रंकन मास्टर 2'मधली सावत्र आई, अनिता मुई. नवऱ्यापुढं खोटं खोटं रडते, पाठीमागं मुलाला सामील होते. हसून पुरेवाट. ती 2003 च्या डिसेंबरात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं गेली, अवघ्या चाळिशीत. ती पडद्यावर आली की आम्ही हसतो आणि मग गप्प होतो. आमच्या नर्सपणाला राहवत नाही म्हणून इथंच लिहितो: मुलींनो, सुनांनो, वेळच्या वेळी तपासणी करून घ्या.

आता भाषेचं. आम्ही इथं आलो तेव्हा घरात तीन पिढ्या आणि तीन तोंडं. सासूबाईंना मराठीशिवाय काही येत नव्हतं, मुलं शाळेतून हिब्रू बोलत यायची, आणि आम्ही मध्ये दुभाषे. हिब्रूतला विनोद सासूबाईंना सांगायचा तर समजावून होईतो त्यातलं हसू निघून जायचं. मराठीतला मुलांना सांगितला तरी तेच. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आल्या आणि मुलांनी जॅकी चॅन घरात आणला. त्यात सांगायचं काय? शिडी अंगावर पडली, हे कुठल्या भाषेत समजवायचं? 'पोलीस स्टोरी'त तो पोलीस ठाण्यात एकटा सापडतो, चार-पाच फोन एकदम वाजतात, वायरींचा गुंता होतो, हा या कानाचं त्या कानाला सांगतो. सासूबाई आणि नातू एकाच क्षणाला हसले. दुभाष्याची गरज पडली नाही. आम्हाला तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

सासूबाईंना तसं हे नवीन नव्हतंच. त्यांनी लहानपणी मुंबईत 1935 चा 'हंटरवाली' पाहिलेला. नादिया चाबूक घेऊन घोड्यावरून येते, गुंडांना उचलून फेकते, आणि स्टंट सगळे स्वतःच करते. भगवानदादांचे मारामारीचे आणि हसण्याचे स्वस्तातले सिनेमेही त्यांनी पाहिलेले, 'अलबेला'च्या कितीतरी आधीचे. त्या म्हणायच्या, "हा चिनी पोरगा म्हणजे आमच्या भगवानचाच धाकटा भाऊ." पुढे 2005 मध्ये 'द मिथ' सिनेमासाठी जॅकी हंपीपर्यंत जाऊन आला. तोवर सासूबाई नव्हत्या, नाहीतर म्हणाल्या असत्या, बघा, मी सांगत नव्हते!

शेवटी आमच्या वयाचं. तरुणपणी पडणं ही गंमत असते, सत्तरीनंतर भीती असते. दोन वर्षांपूर्वी आमच्यातली पनवेलची न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, हाड जुळलं, पण ती चालेना. वॉकर समोर उभा आणि ही खुर्चीत. चाळीस वर्षं दुसऱ्यांना उठवणारी बाई स्वतः उठेना. याला आम्ही पडण्याची भीती म्हणतो. पुष्कळदा ती हाडापेक्षा जास्त नुकसान करते. कारण न चालल्यानं स्नायू जातात आणि मग माणूस खरंच पडतो.

आम्ही शनिवार बंद केला नाही, तिच्या घरी नेला. सिनेमानं ती बरी झाली असं अजिबात म्हणत नाही. बरं केलं फिजिओथेरपिस्टनं आणि तिच्या स्वतःच्या जिद्दीनं. पण एका रात्री 'प्रोजेक्ट ए'चा तो मनोरा आला, जॅकी दाणकन जमिनीवर पडला, चेहरा वेडावाकडा करून उठून बसला. ती हसली आणि म्हणाली, "हा तीन मजल्यांवरून पडला. मी टबातून पडले. आणि नखरे बघा माझे!" पडल्याबद्दल ती स्वतः काही बोलली ती त्या दिवशी पहिल्यांदा. तोवर आम्ही विषय टाळत होतो आणि तीही टाळत होती. हसता आलं म्हणून बोलता आलं. आता ती काठी घेऊन बाजारात जाते.

तर नातवंडांच्या प्रश्नाचं आमचं उत्तर हे. हाडं मोडताना बघायला आम्ही बसत नाही. जो घाबरतो, ज्याला दुखतं, जो तोंड वाकडं करतो आणि तरी उठतो, त्याला बघायला बसतो. न हरणारा हिरो तरुणांना लागत असेल. आम्हाला उठणारा लागतो.

ज्यांना सुरुवात करायची त्यांनी आधी 'ड्रंकन मास्टर' बघावा, मग 'प्रोजेक्ट ए', मग 'माय यंग आँटी'. तिघे भाऊ एकत्र बघायचे असतील तर 1984 चा बार्सिलोनातला 'व्हील्स ऑन मील्स'. गुरूच्या दारूचा कित्ता गिरवू नये, आणि नातवंडांबरोबर बघत असाल तर शेवटची नावंही बघावीत, म्हणजे 'घरी करू नका' हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. चुका, सूचना, आवडीचे सिनेमे आम्हाला संपादकांमार्फत जरूर कळवा.

आणि हो, बसण्याआधी खोलीतली सैल सतरंजी गुंडाळून ठेवा, न्हाणीघरात भिंतीला पकडायला दांडा बसवून घ्या आणि रात्री उठताना दिवा लावा. वरचा डबा काढायला स्टुलावर चढू नका. ते काम जॅकीचं!